जुन्या गाण्याचा नवा श्रोता

संगीताच्या रसिकांत एक वाद पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. परंपरेने आलेले गाणे निष्ठेने जतन करणारा कलावंत थोर मानावा, की त्यात स्वतःची भर घालणारा? धृपदाच्या अभिमान्यांना एके काळी ख्याल उथळ वाटे. ख्यालाला प्रतिष्ठा लाभल्यावर त्याच्या अभिमान्यांनी ठुमरीला आणि नाट्यगीताला उंबरठ्याबाहेर उभे केले. पाश्चात्त्य जगही याला अपवाद नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील तरुणांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज आत्मसात करून त्यातून आपले रॉक संगीत घडविले, तेव्हा हे पुनरुज्जीवन की नुसती नक्कल, यावर तेथील रसिकही हिरिरीने भांडले. अशा वादात दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात. नवेपणा असलाच तर तो गाण्याच्या अंगात शोधायचा, ही ती गोष्ट होय. आयुष्याची अखेरची वर्षे नाशिकच्या गोदाकाठी रामनामात घालविणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र या गृहीतकालाच धक्का देते.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी झाला. लहानपणी फटाक्याच्या स्फोटाने त्यांची दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाची वाट बंद झाली. मिरजेस राजाश्रयाने पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांची तालीम सुरू झाली. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी मोठ्या कष्टांनी मिळवून महाराष्ट्रात आणली होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे शिष्याने गुरूच्या घरी राबावे, मर्जी सांभाळावी आणि जे कानी पडेल ते कंठात साठवावे, एवढाच विद्येचा मार्ग होता. लेखी पाठ नव्हते, ठरलेला अभ्यासक्रम नव्हता. त्या गुरुगृही विष्णु दिगंबरांचा गळा तयार झाला आणि त्या पद्धतीच्या मर्यादाही त्यांच्या मनात घर करून राहिल्या.

विद्येइतकाच त्यांना कलावंताच्या सामाजिक स्थानाचा प्रश्न सलत होता. मिरजेतील एका समारंभास दरबारच्या कृपेमुळे त्यांना बोलावणे आले, परंतु खुद्द त्यांच्या गुरूंना ते आले नाही. गवयाला कोण बोलावतो, हे त्यामागचे कारण त्यांच्या जिव्हारी लागले, असे सांगितले जाते. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी भ्रमंती करीत ते पंजाबात पोहोचले. या प्रवासात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. दरबारात किंवा देवळातच ऐकायला मिळणारे गाणे चार पैसे मोजणाऱ्या कोणालाही ऐकता यावे, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. प्रारंभी विद्यार्थीच मिळेनात. तथापि त्यांनी धीर सोडला नाही. नेमलेले वर्ग, ठरलेले तास, छापील पुस्तके, परीक्षा आणि पदव्या असे शाळेचे सर्व रूप त्यांनी संगीताला दिले. कुलीन घरांतील मुलींसाठी शिक्षणाची सोय केली. स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली आणि ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालविले. निवडक शिष्यांना आपल्या घरी ठेवून, गावोगाव विद्यालये काढतील असे उपदेशक म्हणून तयार केले. १९०८ मध्ये मुंबईस विद्यालय सुरू झाले. याच काळात पं. विष्णु नारायण भातखंडे रागांचे शास्त्र आणि बंदिशींचे संग्रह सिद्ध करीत होते. दोघांच्या स्वरलिपी वेगळ्या, वृत्ती वेगळ्या आणि अनुयायांत चुरसही पुष्कळ. परंतु गाणे मूठभरांच्या मुठीतून सोडविण्याच्या कामी दोघांचे ध्येय एकच होते.

आता मूळ वादाकडे वळावे. विष्णु दिगंबरांनी नवे घराणे काढले नाही. गुरूकडून मिळालेली ग्वाल्हेरची चाल त्यांनी सोडली नाही. त्यामुळे त्यांना संघटक म्हणून गौरवावे आणि कलावंत म्हणून बाजूला ठेवावे, असा निवाडा काही जाणकार देत आले आहेत. हा निवाडा अपुरा आहे. गाणे गाणाऱ्याच्या कंठात जन्मते हे खरे, पण ते पुरे होते ऐकणाऱ्याच्या कानात. शाळामास्तर, कारकून, गृहिणी आणि विद्यार्थी असा श्रोता त्यांच्यापूर्वी ख्यालाच्या वाट्याला क्वचितच आला होता. मोठे गवई विरळाच निपजतात; सुजाण श्रोते मात्र शिक्षणाने घडविता येतात, हा त्यांचा विश्वास होता. तो श्रोता त्यांनी घडविला, आणि श्रोता बदलला की गाण्याचे स्थान, त्याची वेळ आणि त्याचा आशयही बदलतो.

या नव्या प्रतिष्ठेची किंमतही मोजावी लागली. अनेक चिजांतील शृंगाराचे शब्द काढून त्यांनी तेथे भक्तीचे शब्द बसविले. घरंदाज घरांत गाणे शिरावे, यासाठी हे सोवळेपण त्यांना आवश्यक वाटले. पण ज्या गायिकांनी आणि ज्या मुसलमान उस्तादांच्या घराण्यांनी ही विद्या शतकानुशतके सांभाळली, त्यांचा वाटा या नव्या सभ्यतेत झाकोळला गेला. खुद्द ग्वाल्हेरची गायकी हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्या कंठातून आलेली होती, याचे विस्मरण होऊन चालणार नाही. शाळेतून परीक्षा उत्तीर्ण झालेले पुष्कळ निघाले आणि गायक त्या मानाने थोडे, हा आक्षेपही निराधार नाही. पुनरुज्जीवन म्हणजे निवड, आणि निवड म्हटली की काहीतरी वगळणे आलेच.

मुंबईच्या विद्यालयाची भव्य इमारत कर्जातून उभी राहिली. ते कर्ज फिटले नाही आणि १९२४ च्या सुमारास वास्तू हातची गेली. तोवर त्यांचे मन नाशिककडे ओढ घेऊ लागले होते. तेथे रामनाम आधार आश्रमात ते तुलसी रामायणावर प्रवचने करीत, रामधून म्हणत. अनेक चाहत्यांना हा कलेचा अस्त वाटला. परंतु कीर्तनकाराचा हा मुलगा फिरून वडिलांच्याच वाटेवर आला होता. आणि ती वाट निष्फळही ठरली नाही. त्यांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनासंगीत रुजविले आणि १९३० च्या दांडी यात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. मैफलीची सांगता भजनाने करण्याचा जो प्रघात आज स्वाभाविक वाटतो, त्याच्या मुळाशीही विष्णु दिगंबर आणि त्यांची शिष्यपरंपराच आहे.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रवेशिकेपासून विशारदापर्यंतच्या त्याच्या परीक्षा पुढे गावोगाव पोहोचल्या. १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मलेले त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय वडिलांच्या मृत्युसमयी जेमतेम दहा वर्षांचे होते. पं. विनायकराव पटवर्धन आणि पं. नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी त्यांना घडविले. म्हणजे विष्णु दिगंबरांनी परक्यांच्या मुलांना दिलेली विद्या त्यांच्या मुलाकडे परत आली. द. वि. पलुसकरांनी ग्वाल्हेरची गायकी राखली, पण इतर घराण्यांतील रुचेल ते मोकळ्या मनाने घेतले. १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते निवर्तले. तेवढ्या अवधीत त्यांनी गायिलेले ख्याल आणि भजने ऐकताना परंपरा कोठे संपते आणि नवता कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाते.

दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी तानपुऱ्याच्या तारा जुळविणारा एखादा शिक्षक किंवा कारकून आज जे गातो, ते जुनेच असते. ते त्याला गाता येते, ही मात्र एका माणसाने घडविलेली नवी गोष्ट आहे. कलेतील नवतेचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू रसिकांनी विसरू नये.