शार्ल-मिशेल द लेपे

शार्ल-मिशेल द लेपे (जन्म : व्हर्साय, २४ नोव्हेंबर, इ.स. १७१२, मृत्यू : पॅरिस, २३ डिसेंबर, इ.स. १७८९) हे फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू आणि कर्णबधिरांचे शिक्षक होते. ते आबे द लेपे या नावाने अधिक परिचित आहेत. कर्णबधिर मुलांना त्यांच्याच खुणांच्या आधारे लेखन-वाचन शिकवता येते, हे त्यांनी पॅरिसमधील आपल्या विनामूल्य शाळेतून दाखवून दिले.

== पूर्वायुष्य ==
द लेपे यांचे वडील राजाच्या सेवेत वास्तुतज्ज्ञ होते. द लेपे यांनी ईश्वरशास्त्राचे अध्ययन केले. परंतु जान्सेनवाद या कॅथलिक विचारप्रवाहाचा निषेध करणाऱ्या पत्रकावर सही करण्यास नकार दिल्याने पॅरिसमध्ये त्यांना दीक्षा मिळाली नाही. मधल्या काळात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. पुढे त्र्वा येथील बिशपने त्यांना दीक्षा दिली. मात्र पॅरिसला परतल्यावर धर्मसत्तेचा रोष कायम राहिला आणि त्यांच्या धार्मिक कार्यावर निर्बंध आले.

== शाळेची स्थापना ==
इ.स. १७६०च्या सुमारास पॅरिसमधील एका घरी त्यांची दोन कर्णबधिर जुळ्या बहिणींशी गाठ पडली. त्यांना चित्रांच्या साहाय्याने शिकवणाऱ्या फादर व्हानँ यांचे निधन झाल्याने त्यांचे शिक्षण खंडित झाले होते. धर्मज्ञानावाचून या मुलींचा उद्धार होणार नाही, या चिंतेतून द लेपे यांनी त्यांना शिकवण्यास आरंभ केला. या धार्मिक हेतूतूनच पुढे शाळा उभी राहिली. मूलँ रस्त्यावरील राहत्या घरी भरणाऱ्या या शाळेचा खर्च ते मुख्यतः स्वतःच्या उत्पन्नातून भागवत. गरीब-श्रीमंत असा भेद तेथे नव्हता.

== शिक्षणपद्धती ==
तत्कालीन शिक्षक प्रामुख्याने कर्णबधिरांना उच्चार शिकवण्यावर भर देत. हे शिक्षण खर्चिक, संथ आणि मोजक्या श्रीमंत मुलांपुरते मर्यादित होते. द लेपे यांनी उच्चारशिक्षण नाकारले नाही. मात्र ज्ञान देण्याचे मुख्य साधन म्हणून त्यांनी खुणांची निवड केली. ऐकणारे मूल कानांनी जे ग्रहण करते, ते कर्णबधिर मूल डोळ्यांनी ग्रहण करू शकते, ही त्यांची मूळ धारणा होती.

विद्यार्थी आपसांत वापरत असलेल्या खुणा त्यांनी स्वीकारल्या आणि फ्रेंच व्याकरणासाठी त्यांत नव्या खुणांची भर घातली. पुल्लिंगासाठी हात टोपीकडे, तर स्त्रीलिंगासाठी कानाकडे नेला जाई. भूतकाळ दाखवताना हात खांद्यावरून मागे टाकला जाई. भूतकाळाच्या प्रकारानुसार ही कृती एकदा, दोनदा किंवा तीनदा केली जाई. या पद्धतशीर खुणांच्या जोडीला एका हाताची बोटलिपीही वापरली जाई. इ.स. १७७६ व इ.स. १७८४ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केले.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. खुणांनी सांगितलेला मजकूर विद्यार्थी अचूक लिहून काढत. परंतु स्वतःचे विचार लेखी मांडणे त्यांना कठीण जाई. फ्रेंचच्या साच्यात बसवलेल्या खुणा आणि कर्णबधिरांची स्वाभाविक सांकेतिक भाषा यांतील हे अंतर पुढे ओग्यूस्त बेबियाँ यांनी दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पद्धतशीर खुणा मागे पडल्या आणि स्वाभाविक सांकेतिक भाषेला महत्त्व आले.

== वादविवाद ==
लाइपझिग येथील शाळेचे संस्थापक साम्युएल हायनिके हे उच्चारशिक्षणाचे पुरस्कर्ते होते. त्यांचा द लेपे यांच्याशी पत्रव्यवहारातून वाद झाला. झ्युरिक येथील विद्वत्सभेने द लेपे यांच्या बाजूने कौल दिला. फ्रान्समध्ये पिएर देलोज या कर्णबधिर बुकबाइंडरने इ.स. १७७९ मध्ये पुस्तक लिहून खुणांद्वारे शिक्षणाचे समर्थन केले. पॅरिसमधील अशिक्षित कर्णबधिरही खुणांनी सर्व विषयांवर संवाद साधतात, हे त्यातून वाचकांसमोर आले.

== अखेर व वारसा ==
इ.स. १७८८च्या कडक हिवाळ्यात विद्यार्थ्यांसाठी पैसे वाचावेत म्हणून द लेपे यांनी स्वतःच्या खोलीत शेकोटी पेटवू दिली नाही. अखेर विद्यार्थ्यांच्या विनवणीमुळे त्यांना नमते घ्यावे लागले, असे सांगितले जाते. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. सँ-रॉक चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. इ.स. १७९१ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने त्यांच्या शाळेला शासकीय आश्रय दिला. याच शाळेत शिकलेले कर्णबधिर शिक्षक लॉराँ क्लेर यांनी इ.स. १८१७ मध्ये थॉमस गॅलॉडेट यांच्यासमवेत अमेरिकेतील हार्टफर्ड येथे शाळा सुरू केली.

इ.स. १८८०च्या मिलान परिषदेने उच्चारपद्धतीचा पुरस्कार केल्यानंतर अनेक देशांतील वर्गांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली आणि कर्णबधिर शिक्षकांनाही आपली जागा गमवावी लागली. इ.स. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथील परिषदेने मिलानचे ठराव फेटाळून खेद व्यक्त केला.

मिलान परिषदेनंतर थोड्याच वर्षांत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्णबधिरांची शाळा सुरू झाली. ती भारतातील अशी पहिली शाळा मानली जाते. विसाव्या शतकात भारतातील बहुतेक शाळांचा भर उच्चारशिक्षणावरच राहिला. भारतीय सांकेतिक भाषेची स्वतःची व्याकरणव्यवस्था असून तिची इंग्रजी बोटलिपी ब्रिटिश पद्धतीप्रमाणे दोन हातांची आहे. या भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी इ.स. २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, तर इ.स. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिच्या प्रमाणीकरणाचा आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी पाठ्यसाहित्य तयार करण्याचा समावेश करण्यात आला.