इंग्रजांना सहा महिने जंगलात झुंजवणारे चांद्याचे बाबुराव शेडमाके

१८५७ चा उठाव म्हटलं की मेरठ, कानपूर, झाशी आठवतं. पण इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर सहा महिन्यांनी आपल्या चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, एक वेगळीच लढाई पेटली होती. तिचे नायक होते अवघ्या २५ वर्षांचे बाबुराव शेडमाके.

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, अहेरीजवळच्या किष्टापूरचा. वडील मोलमपल्लीचे गोंड जमीनदार. बाबुराव गोटुलात वाढले आणि पुढे रायपूरला इंग्रजी शिकले. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांद्यात इंग्रजांचा अंमल आला. जमीनदारांचे जुने अधिकार धोक्यात आले.

बाबुरावांनी सुमारे ५०० तरुण जमवले. हेच जंगोम दल. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटरावही येऊन मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनने फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला तिचा पराभव झाला.

तोफा नाहीत, मग लढले कसे?

 इथे खंदकाचं काम डोंगर करायचा. नांदगाव-घोसरीनंतर दलाने गढीसुर्ल्याच्या डोंगरावर ठाण मांडलं. खालून फौज चढू लागली की वरून मोठमोठे दगड लोटायचे. बंदुकीची गोळी झाडाझुडपांत अडते, पण गडगडणारा दगड कोण अडवणार?

पुढे एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामनपेठलाही चकमकी झाल्या. या भागातला एप्रिल म्हणजे कडक ऊन. पानगळीमुळे जंगल उघडं पडतं, नाले आटतात. अशा वेळी पाणी कुठे मिळेल, कुठल्या वाटेने निसटता येईल, हे ज्याला माहीत तोच टिकतो. बाबुरावांच्या माणसांचं अख्खं आयुष्य याच जंगलात गेलं होतं.

२९ एप्रिलला प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीत तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. उठावात इंग्रजांची मोठी ताकद होती ती तार, कारण बातमी फौजेच्या आधी पोचायची. त्यामुळे हा घाव त्यांच्या वर्मी लागला.

मग पकडले कसे गेले?

फौजेला जे जमलं नाही, ते इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंकडून करून घेतलं. बाबुरावांना धरून द्या, नाहीतर जमीनदारी जप्त करू, असा दबाव क्रिक्टनने टाकला. लक्ष्मीबाईंची माणसंही याच मातीतली, त्यांनाही जंगल तितकंच ठाऊक. एकदा बाबुराव त्यांच्या तावडीतून निसटले. पण १८ सप्टेंबर १८५८ ला पुन्हा सापडले.

२१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या कारागृहाच्या आवारातल्या पिंपळाखाली त्यांना फाशी दिली गेली. बंडवाल्यांची जप्त केलेली गावं लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. व्यंकटराव बस्तरकडे निसटले, पण १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली.

२००९ मध्ये टपाल खात्याने बाबुरावांचं तिकीट काढलं. आजही दर २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या त्या पिंपळाजवळ लोक जमतात. ज्या जंगलाने त्यांना सहा महिने सांभाळलं, तिथल्या गावागावांत त्यांचं नाव अजून घेतलं जातं.