ट्रायकोकार्डमागचा विस्मरणात गेलेला माणूस : कोण होते अलेक्झांद्र जिरॉल्ट?

कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली की कृषी विभागाच्या सल्ल्यात एक नाव हमखास असतं, ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री. शेतकऱ्यांच्या भाषेत 'ट्रायकोकार्ड'. कागदाच्या पट्टीवर चिकटवलेल्या अंड्यांतून मोहरीच्या दाण्याहूनही लहान गांधीलमाशी बाहेर पडते आणि बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. अळी जन्मालाच येत नाही. यातली 'बॅक्ट्री' ही जात भारतीय संशोधक नागराज यांनी १९७९ मध्ये नोंदवली. पण 'ट्रायकोग्रामाटॉइडिया' ही प्रजाती, म्हणजे जीनस, १९११ मध्येच शास्त्रात आली होती. ती आणणारे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ म्हणजे अलेक्झांद्र आर्सेन जिरॉल्ट. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २७.

नवी प्रजाती ठरते कशी?

नुसता नवा कीटक सापडून भागत नाही. तो आधीच्या कोणत्याच प्रजातीत का बसत नाही, हे दाखवावं लागतं. या माश्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे सगळा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो : पंखावरच्या केसांच्या रांगा, पायाच्या टोकाचे सांधे, शृंगिकांचे म्हणजे मिशांचे भाग. ट्रायकोग्रामा आणि ट्रायकोग्रामाटॉइडिया या सख्ख्या बहिणीच म्हणा. पहिलीतल्या नराच्या मिशीचं टोक एकसंध आणि लांब केसांचं, दुसरीत ते वेगवेगळ्या सांध्यांचं. एवढ्याशा फरकावर दोन प्रजाती उभ्या आहेत. वर्णन छापायचं, आणि ज्या नमुन्यावरून ते केलं तो जपून ठेवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला पडताळून पाहता येतं.

जिरॉल्ट यांचा जन्म १८८४ मध्ये मेरीलँड राज्यातल्या ॲनापोलिसचा. १९११ मध्ये ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेले. काम होतं उसावरच्या किडींचं. पण तिथल्या रानात, झुडपांत त्यांना अशा माश्यांचं न संपणारं भांडार दिसलं, ज्यांना कुणी नावच दिलं नव्हतं. मग माणूस थांबलाच नाही. १९१४ च्या सुमारास ते अमेरिकेत परतले, वॉशिंग्टनमध्ये नोकरी केली आणि १९१७ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलिया गाठलं. आयुष्यभरात त्यांनी तीन हजारांहून अधिक जातींची वर्णनं केली.

वाद इथूनच सुरू होतो. पिकं वाचवणारं, उपयोगी पडणारं संशोधन करा, असं वरिष्ठांचं म्हणणं. तर विज्ञान पैशाच्या दावणीला बांधणं हाच अपराध, असं जिरॉल्ट यांचं मत. आणि ते मत गप्प बसून बाळगणारा हा गृहस्थ नव्हता! शास्त्रीय लेखात ते टोमणे घालत, कविताही घालत. अशा लेखांना नियतकालिकांत जागा मिळणं कठीणच. मग स्वतःच्या पैशाने पत्रकं छापायची. अशी साठच्या आसपास पत्रकं त्यांनी काढली, तीही ओढगस्तीच्या संसारात.

१९२० मधल्या एका पत्रकात तर त्यांनी इलिंगवर्थ या कीटकशास्त्रज्ञाच्या नावाची मोडतोड करून 'शिलिंग्सवर्थिया' ही प्रजाती जाहीर केली. वर्णन अशा माशीचं, जी मुळात अस्तित्वातच नाही. नामकरणाचे नियम काल्पनिक प्राण्यांची नावं धरत नाहीत, त्यामुळे ते नाव बादच. बाकी नावं मात्र टिकली. मोझार्टेला बीथोव्हेनी ही एक माशी, गोएथियाना शेक्सपिअरी ही दुसरी. प्लुटार्किया ही प्रजाती तर भारतातही आढळते.

त्यांच्या कामात दोष नव्हते असं मुळीच नाही. वर्णनं अनेकदा चार-दोन ओळींची. एकाच काचपट्टीवर वेगवेगळ्या जातींचे नमुने, काही काचेखाली चिरडलेले. घाई आणि चणचण दोन्ही त्यात दिसतात. नंतरच्या संशोधकांना यामुळे डोकेदुखी झाली, हे मान्यच करायला हवं.

१९३१ मध्ये पत्नी गेली. मुलांची जबाबदारी एकट्यावर आली आणि पुढची वर्षं मानसिक आजारात गेली. १९४१ मध्ये जिरॉल्ट यांचं निधन झालं, तेव्हा वय होतं ५७.

त्यांच्या काचपट्ट्यांचा मोठा साठा ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड म्युझियममध्ये आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याची पद्धतशीर यादी होऊ लागली, विखुरलेली पत्रकं एकत्र छापली गेली. १९८८ मध्ये बुचेक यांनी ऑस्ट्रेलियाकडच्या या माश्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा जिरॉल्ट यांची शेकडो नावं एकेक करून तपासावी लागली. काही नावं दुसऱ्यांत विलीन झाली, काही कायम राहिली. ट्रायकोग्रामाटॉइडिया कायम राहिलेल्यांपैकी.