क्लॅरिओनेटचे यजमान : सी. रामचंद्र

राजवाड्यासमोरून लग्नाची वरात निघाली की बँडवाल्यांच्या पुढच्या रांगेत एक काळे, सरळ वाद्य दिसते. आपल्या शाळेतील पुष्कळ मुले त्याला सनईच समजतात. ती सनई नव्हे, ते क्लॅरिओनेट. सनईला दुहेरी पत्ती आणि उघडी छिद्रे असतात. याला एकच पत्ती, आणि बोटांखाली धातूच्या चकचकीत कळा. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरी जाझ संगीत उदयास आले तेव्हा ट्रंपेट मूळ चाल वाजवी आणि क्लॅरिओनेट तिच्याभोवती वेलीसारखे फिरे. १९३८ साली बेनी गुडमन या वादकाने ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मानाने मिरविले. या परदेशी पाहुण्याला हिंदी चित्रपटगीतांत ज्यांनी पाट मांडून दिला, त्यांत एक मराठी गृहस्थ अग्रभागी होते.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांबे येथे झाला. हे गाव तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. त्या जिल्ह्याला आता आपल्या अहिल्यादेवींचे नाव मिळाले आहे. नागपुरास शंकरराव सप्रे आणि पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्यापाशी त्यांनी गायनाचे धडे घेतले. परंतु तरुणाची ओढ रुपेरी पडद्याकडे! ‘नागानंद’ चित्रपटात नायकाची भूमिका मिळाली, यश मात्र मिळाले नाही. पुढे मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत असता हार्मोनियमची साथही त्यांच्याकडे आली, आणि नायक होण्यास निघालेला हा तरुण संगीतकार झाला. स्वतंत्र संगीतदिग्दर्शनाचा आरंभ तामिळ चित्रपटांतून झाला. १९४२ साली मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ने त्यांना हिंदीत आणले.

१९४७ साली ‘शहनाई’ आला. नाव सनईचे, पण घरोघर गाजली ती पाश्चात्त्य ठेक्याची चाल! जुन्या वळणाच्या रसिकांना हा धिंगाणा वाटला. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तर बोंगो, ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि क्लॅरिओनेट यांचा मेळाच जमला. रामचंद्र स्वतः ‘चितळकर’ या नावाने त्यांत गायले.

माझी मातृभाषा कोंकणी, म्हणून येथे थोडा रेंगाळतो. हे वाद्यवादन बहुतांशी गोवेकरांचे होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. तेथे तयार झालेले वादक पोटासाठी मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवीत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदात येत. हार्मोनियमवर सुचलेली चाल ऐकून ते ती कागदावर उतरवीत आणि वाद्यांची वाटणी करीत. हळदोण्याचे आंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७) हे निष्णात ट्रंपेटवादक रामचंद्रांचे साहाय्यक होते. ‘अलबेला’मध्ये ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. असे भाग्य विरळाच. कितीएक क्लॅरिओनेटवादकांचे सूर आपण गुणगुणतो, पण तबकडीवर त्यांचे नाव शोधून सापडत नाही. मला हा अन्याय वाटतो. ‘आशा’ (१९५७) मधील त्या सुप्रसिद्ध गमतीदार गाण्यात ‘मला नको’ या अर्थाचे दोन कोंकणी शब्द सहज मिसळून गेले आहेत. ते कानी पडले की माझ्यासारख्याला इंदुरात बसून घर आठवते.

रामचंद्रांना नुसते नकलाकार म्हणणाऱ्यांनी ‘अनारकली’ (१९५३) ऐकावा. भीमपलासीच्या छायेत लता मंगेशकरांकडून त्यांनी जे गाऊन घेतले, त्यात उसने काही नाही. माझ्या मते त्यांची खरी करामत हीच : रागाची बैठक पक्की होती, म्हणूनच परके वाद्य घरात घेताना त्यांना भय वाटले नाही.

१९६० नंतर चित्रपट घटत गेले. तथापि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, चीनच्या युद्धातील हुतात्म्यांसाठी रचलेले गीत पंडित नेहरूंसमोर सादर झाले, त्याची चाल त्यांचीच. कवी प्रदीप आपल्या जवळच्या बडनगरचे, गायिका लताबाई याच इंदुरात जन्मलेल्या. त्या चालीत ना बोंगो, ना नाचरा ठेका.

१९७७ साली त्यांनी ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टावा वाढदिवस सात दिवसांवर असता, मुंबईत त्यांचे निधन झाले.