मुलांच्या हाती वर्तमानपत्र देणारा डॉक्टर

बालपुरवणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येतात कोडी, बोधकथा आणि रंगवायची चित्रे. लिहिणारे मोठे, वाचणारी मुले. वॉर्सात ऑक्टोबर १९२६ मध्ये यानुश कोर्चाक यांनी हे उलटे करून दाखवले. 'नाश प्शेग्लोंद' या पोलिश भाषेतल्या ज्यू दैनिकाची त्यांनी काढलेली 'मावी प्शेग्लोंद' ही पुरवणी मुलेच लिहीत. गावोगावची पोरे पत्रे धाडत. घरातली गरिबी, शाळेतली मारझोड, ज्यू म्हणून वाट्याला येणारी हेटाळणी हीच त्यातली बातमी.

कोर्चाक हे टोपणनाव. खरे नाव हेन्रिक गोल्डश्मित, पेशा बालरोगतज्ज्ञाचा. १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावर अनाथाश्रम उभा राहिला आणि इस्पितळ सोडून हे गृहस्थ तिथेच राहायला गेले. आश्रमात मुलांचे न्यायालय होते. खुद्द डॉक्टरांनाही त्याच्यापुढे उभे राहावे लागले. आश्रमाचे साप्ताहिकही होते, ते सर्वांसमोर वाचले जाई. स्वतःविषयीचा मजकूर चारचौघांत ऐकला की लिहिलेले आणि घडलेले यांतले अंतर मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही!

मात्र डॉक्टर वर्तमानपत्राचे भाबडे भक्त नव्हते. पुरवणीच्या आधीच आलेल्या त्यांच्या कादंबरीतला बालराजा माचुश एका गोडबोल्या पत्रकारावर विसंबतो. छापून येते सारे आलबेल. प्रत्यक्षात राज्य कोलमडत असते, आणि पत्रकार निघतो परक्यांचा हेर. मुलांसाठीच्या गोष्टीत एवढा कडू घोट घालायला धाडस लागते. मुलांना बातमीपासून दूर ठेवण्यापेक्षा ती कशी बनते हे दाखवावे, अशीच त्यांची रीत दिसते.

१९३० मध्ये संपादकपद इगोर नेव्हेर्ली या तरुण सहकाऱ्याकडे गेले. पुढे रेडिओवर 'म्हातारा डॉक्टर' या नावाने कोर्चाक बोलू लागले. ज्यूद्वेषाच्या त्या दिवसांत खरे नाव सांगण्याची सोय नव्हती. पुरवणीचा शेवटचा अंक निघाला १ सप्टेंबर १९३९ रोजी. त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या.

मग घेट्टो, उपासमार. १८ जुलै १९४२ रोजी आश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' सादर केले. ऑगस्टच्या सुरुवातीला सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या गाडीकडे नेण्यात आले. स्वतःची सुटका करून घेण्याची संधी डॉक्टरांना आधी मिळाली होती. ती नाकारून ते मुलांबरोबर चालत गेले.