पृथ्वी तोलणारा अबोल शास्त्रज्ञ

धान्य तोलावयाचे तर तराजू हवा आणि तो टांगावयास पृथ्वीवर कोठेतरी जागा हवी. मग खुद्द पृथ्वीच तोलावयाची झाली, तर तराजू टांगावा कोठे? अशक्य वाटणारे हे काम १७९७-९८ साली लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथे एका वृद्ध संशोधकाने आपल्या राहत्या घराच्या आवारात पार पाडले. त्याचे नाव हेन्री कॅव्हेंडिश. निसर्गाची कोडी उलगडण्यात तो जितका निष्णात होता, तितकाच माणसांत वावरताना तो भांबावून जात असे.

हेन्रीचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी भूमध्य समुद्राच्या काठी वसलेल्या नीस ह्या शहरी झाला. त्याचे वडील लॉर्ड चार्ल्स हे इंग्लंडमधील एका मोठ्या सरदार घराण्यातील होते. हेन्री अवघा दोन वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. १७४९ साली तो केंब्रिज विद्यापीठात दाखल झाला. परंतु चार वर्षांनी पदवी न घेताच तेथून बाहेर पडला. लॉर्ड चार्ल्स स्वतः विज्ञानाचे अभ्यासक होते. मुलाचा ओढा त्यांनी ओळखला आणि त्याला ते रॉयल सोसायटी ह्या विद्वानांच्या संस्थेच्या सभांना आपल्याबरोबर नेऊ लागले. १७६० साली हेन्री त्या संस्थेचा सभासद झाला.

त्याचा स्वभाव चारचौघांहून अगदी निराळा होता. अनोळखी माणूस समोर आला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. पुढे त्याला अपार संपत्ती मिळाली. तरी जुन्या पद्धतीचा, रंग उडालेला जांभळा कोट त्याने सोडला नाही. जेवणात काय हवे, हे तो चिठ्ठीवर लिहून ठेवी. कारण घरातील दासींशी बोलणेही त्याला अवघड वाटे. आपला ग्रंथसंग्रह त्याने अभ्यासकांना खुला केला होता. तेथील पुस्तक स्वतःला हवे असले, तरी तो त्याची नोंद केल्यावाचून ते घेत नसे. रॉयल सोसायटीतील मित्रांच्या भोजनास मात्र तो नेमाने जाई. त्या मित्रांनी त्याची रीत ओळखली होती. त्याच्याकडे रोखून न पाहता, जणू समोरच्या मोकळ्या जागेशी बोलत आहोत अशा प्रकारे ते आपला प्रश्न मांडीत. विषय विज्ञानाचा असला, तर हळूच एखादे मोलाचे उत्तर कानी पडे.

१७६६ साली कॅव्हेंडिशने धातूंवर आम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या ज्वलनशील वायूचे गुणधर्म प्रसिद्ध केले. तोच आजचा हायड्रोजन. पाणी हे मूलद्रव्य आहे, असे त्या काळी मानीत. परंतु हा वायू हवेत जाळला असता पाणी तयार होते, हे त्याने प्रयोगाने दाखविले. १७८५ साली त्याने हवेतून विजेच्या ठिणग्या सोडल्या. त्यातील ऑक्सिजन व नायट्रोजन काढून टाकल्यावरही एक चिमुकला बुडबुडा शिल्लक राहिला. दुसरा कोणी असता, तर चूक समजून त्याने तो सोडून दिला असता. कॅव्हेंडिशने तो मोजला आणि लिहून ठेवला. शंभराहून अधिक वर्षांनी, १८९४ साली, रॅले व रॅम्झी ह्या शास्त्रज्ञांनी त्या नोंदीचा मागोवा घेतला. तो बुडबुडा आर्गॉन ह्या नव्या वायूचा ठरला.

पृथ्वी तोलण्याचे उपकरण जॉन मिचेल ह्या पाद्र्याने योजिले होते. परंतु प्रयोग करण्यापूर्वीच तो निवर्तला. ते उपकरण कॅव्हेंडिशकडे आले आणि त्याने त्यात सुधारणा केल्या. एका बारीक तारेला सुमारे सहा फूट लांबीचा लाकडी दांडा आडवा टांगलेला होता. त्याच्या दोन टोकांना शिशाचे दोन लहान गोळे होते. प्रत्येकाजवळ सुमारे १५८ किलोग्रॅम वजनाचा शिशाचा एक मोठा गोळा आणला, की लहान गोळा किंचित ओढला जाई व तारेला पीळ बसे. त्या पिळावरून मोठ्या गोळ्याची ओढ मोजावयाची, तिची तुलना पृथ्वीच्या ओढीशी करावयाची आणि पृथ्वीची घनता काढावयाची, अशी ही युक्ती होती.

परंतु ती ओढ लहान गोळ्याच्या वजनाच्या पाच कोटीव्या भागाएवढीच होती! माणूस जवळ गेला, तर त्याच्या अंगच्या उष्णतेने हवा हलून सारे मोजमाप बिघडावयाचे. म्हणून कॅव्हेंडिशने उपकरण बंद खोलीत ठेवले. बाहेरून दोऱ्या ओढून तो मोठे गोळे हलवी आणि भिंतीतून बसविलेल्या दुर्बिणींतून दांड्याची हालचाल पाही. वयाची पासष्टी उलटलेला हा माणूस महिनोन्‌महिने असा निरीक्षण करीत राहिला. पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन आहे, असा निष्कर्ष त्याने १७९८ साली प्रसिद्ध केला. आज हा आकडा ५.५१ मानतात. भूपृष्ठावरील खडक एवढे जड नसतात. तेव्हा पृथ्वीच्या पोटात अधिक जड द्रव्य असले पाहिजे, हेही त्यावरून उमगले.

२४ फेब्रुवारी १८१० रोजी कॅव्हेंडिशचे निधन झाले. विजेवरील त्याचे पुष्कळसे संशोधन त्याच्या कागदांतच पडून राहिले होते. मॅक्सवेल ह्या विख्यात शास्त्रज्ञाने १८७९ साली ते प्रसिद्ध केले, तेव्हा इतरांच्या नावे गाजलेले काही नियम त्याला आधीच सापडले होते, असे दिसून आले. त्याच्याच घराण्यातील एका वंशजाच्या देणगीतून १८७४ साली केंब्रिज येथे कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी राहिली. मुंबईचे होमी भाभा ह्यांनीही तरुणपणी तेथे संशोधन केले.

काही मुले जन्मतःच मनाची निराळी घडण घेऊन येतात. त्यांना बोलणे, नजर मिळविणे, गर्दी व गोंगाट सोसणे जड जाते; आवडत्या विषयात मात्र ती तासन्‌तास रमतात. ह्या घडणीस आज स्वमग्नता म्हणतात. कॅव्हेंडिशची घडण अशीच असावी, असे मत डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स ह्यांनी २००१ साली मांडले. दिवंगत माणसाची तपासणी करता येत नाही. म्हणून ते अनुमानच होय. स्वमग्न असलेला प्रत्येक जण थोर शास्त्रज्ञ होतो असे नाही, आणि त्याला मान मिळण्यासाठी त्याने तसे व्हावयास हवे असेही नाही. परंतु कॅव्हेंडिशला प्रयोगासाठी निवांत खोली मिळाली आणि त्याच्या कलाने बोलणारे मित्र भेटले, म्हणून त्याची बुद्धी जगाच्या उपयोगी पडली. वर्गात एकटे बसणाऱ्या अबोल सोबत्यासही अशी जागा व असे मित्र लाभावेत. ते देणे इतरांच्या हाती आहे.