मीराबेनची कुटी

आपल्या गंगाखेडच्या जुन्या वस्तीत मातीच्या भिंतींची घरे तुम्ही पाहिली असतील. ज्याला सिमेंटचे घर परवडत नाही तोच मातीच्या घरात राहतो, असे तुम्हांला वाटते ना? मग ही हकीकत वाचा.

मॅडलिन स्लेड यांचा जन्म १८९२ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील इंग्रजांच्या आरमारात मोठे अधिकारी होते. घरात कशाचीच कमतरता नव्हती. रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाने लिहिलेले गांधीजींचे चरित्र त्यांनी वाचले आणि १९२५ साली सारे सोडून त्या साबरमती आश्रमात आल्या. गांधीजींनी त्यांचे नाव मीरा ठेवले. त्या सूतकताई शिकल्या, हिंदुस्थानी भाषाही शिकल्या. भाषा त्यांना जड गेली. तुम्हांला मराठी कधी कधी जड जाते, तसेच म्हणा ना!

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. मीराबेन त्यांच्या आधीच तेथे गेल्या होत्या. गावाला धड रस्ता नव्हता, हिवतापाचा त्रास होता. गांधीजींचे पहिले घर, आदिनिवास, मीराबेनच्या देखरेखीखाली उभे राहिले. गावात मिळेल तेच सामान वापरायचे आणि खर्च थोडा करायचा, अशी अट होती.

मग शेजारीच मीराबेननी स्वतःसाठी लहानशी कुटी बांधली. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कौले. जाड मातीची भिंत उन्हाळ्यात घर थंड ठेवते, पण तिला पावसाचे भय असते. म्हणून छप्पर उतरते करून भिंतीच्या बरेच पुढे आणले. भिंतीवर त्यांनी मातीचीच ताडाची झाडे उठवली. बंगल्यात वाढलेल्या या बाईंना अशा घराची मनापासून आवड होती.

आदिनिवासात मात्र गर्दी वाढत गेली. गांधीजींना लिहायला, विश्रांती घ्यायला जागा उरेना. तेव्हा मीराबेननी आपली कुटी त्यांना दिली आणि त्या दुसरीकडे राहू लागल्या. इतक्या हौसेने बांधलेले घर सोडताना त्यांना काय वाटले असेल? मला तर हे घर बांधण्याहूनही अवघड वाटते.

सेगावची पत्रे चुकून शेगावला जात, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९४२ साली मीराबेनना गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवले गेले. १९५९ साली त्यांनी भारत सोडला आणि १९८२ साली ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले.

सेवाग्रामला गेलात तर ती कुटी पाहा. तिला सारे बापू कुटी म्हणतात. आत गेल्यावर भिंतीवरची ताडाची झाडे शोधा.